निजामकाळाचा कागद, आजचं राजकारण आणि आपलं घर

गेल्या अडीच-तीन वर्षांत महाराष्ट्रात ज्या मुद्द्यांवरून राजकारण तापलं, त्यांची एकदा यादी करून बघा. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी, वक्फच्या जमिनी, उशिरा काढलेले जन्मदाखले, शहरांची बदललेली नावं आणि खुलताबादची कबर. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवर टीव्हीने सगळ्यात जास्त वेळ घालवला. पण सर्वसामान्य कुटुंबाच्या रोजच्या जगण्यावर खरा परिणाम पहिल्या तीन गोष्टींनी होतो, आणि त्या तिन्हींच्या मुळाशी एकच वस्तू आहे: जुना कागद.

आमच्या शहरात, म्हणजे औरंगाबादेत (अधिकृत नाव आता छत्रपती संभाजीनगर), शहागंजच्या आतल्या बाजूला इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय, म्हणून इथे त्यांना नुसतं 'सर' म्हणतो. सरांना उर्दू, फारसी आणि मोडी तिन्ही वाचता येतं. नोकरीत होते तेव्हा त्यांच्याकडे पीएचडीची पोरं यायची. आता मुतवल्ली येतात, नगरसेवकपदाचे उमेदवार येतात, मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी धावणारे बाप येतात आणि पैठण-गंगापूरकडचे मराठा शेतकरीही येतात. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एखादी झेरॉक्स असते. सर चष्मा लावतात, कागद उजेडाकडे धरतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "असल कागद कुठे आहे?"

सरांच्या बैठकीत बसून ऐकलेल्या गोष्टी आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या एकत्र ठेवून पाहिलं तर आजच्या राजकारणाचं जे चित्र दिसतं, ते आपल्या घरांपर्यंत पोहोचवावं म्हणून हा लेख.

एकाच दफ्तरात सगळे

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे. संस्थानाचा कारभार आधी फारसीत चालायचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात तिची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे शेतसारा, इनाम, पाहणी, शाळा, जनगणना या सगळ्यांच्या नोंदी उर्दूत झाल्या. शेतकरी मराठा असो, बौद्ध असो, लिंगायत असो की मुसलमान, सगळ्यांचे आजोबा-पणजोबा एकाच लिपीत, एकाच दफ्तरात नोंदले गेले.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि प्रश्न राज्यभर पेटला. त्यानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम काय, तर निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधणं. तेव्हा प्रशासनाच्या लक्षात आलं की नोंदी आहेत, पण त्या वाचणारी माणसं फार थोडी उरलीत. ज्या भाषेला वर्षानुवर्षं 'त्यांची भाषा' म्हणून बाजूला सारलं, तीच भाषा वाचणाऱ्यांची शोधाशोध तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयांना करावी लागली. पुढे २ सप्टेंबर २०२५ ला, आझाद मैदानातल्या आंदोलनानंतर, सरकारने हैदराबाद गॅझेटिअरबाबत शासन निर्णय काढला. गावपातळीवर चौकशीसाठी समिती ठरवली. जमिनीचा पुरावा नसलेल्यांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून त्या भागात राहत असल्याचं प्रतिज्ञापत्र देण्याची सोय ठेवली. ओबीसी नेत्यांनी, विशेषतः छगन भुजबळांनी, त्याला जोरदार विरोध केला. तो वाद अजून संपलेला नाही.

आरक्षणाच्या या वादात कोण बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. मला महत्त्वाची वाटते ती सरांच्या बैठकीत दिसणारी गोष्ट. कपाळाला गंध लावलेला शेतकरी एका बुजुर्ग मुसलमान प्राध्यापकासमोर बसतो आणि विचारतो, "सर, आमच्या पणजोबाच्या नावापुढं काय लिवलंय?" सर वाचून सांगतात. कधी 'कुणबी' असतं आणि माणसाचा चेहरा उजळतो. कधी नसतं. तेव्हा सर तेही सांगतात, "पाटील, इथं नाही. दुसऱ्या गटाचा उतारा काढून आणा." जे लिहिलेलं नाही ते सर वाचत नाहीत. अशा बैठकीतून उठलेला शेतकरी संध्याकाळी टीव्हीवर उर्दूला शिव्या ऐकेल तेव्हा त्याला काय वाटेल, याचा अंदाज आपल्यालाही येतो.

तारखांचाही एक घोळ असतो. जुन्या कागदांवर इसवी सन नसून फसली सन असतो. सर सगळ्यांना एकच हिशोब शिकवतात: फसलीत ५९० मिळवा. फसली १३४० म्हणजे १९३० साली ऑक्टोबरात सुरू झालेलं वर्ष. एवढं साधं गणित माहीत नसल्यामुळे अर्जात चुकीचं वर्ष लिहिलं जातं, आणि वर्ष चुकलं की कार्यालयातला कारकून अर्ज परत करतो.

कबरीची चर्चा आणि कागदाची उपेक्षा

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला. मार्चमध्ये खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवण्याची मागणी सुरू झाली आणि १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. या सगळ्यात किती लोकांनी ती कबर प्रत्यक्ष पाहिली होती, कोण जाणे. ती वरून उघडी आणि अत्यंत साधी आहे, आणि केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षण तिला आहे. त्याच खुलताबादेत हजरत बुरहानुद्दीन गरीब आणि हजरत जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे आहेत. तिथेच मलिक अंबरचीही कबर आहे. अफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा हबशी निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांशी आयुष्यभर लढला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. मोगलांविरुद्ध लढलेला मलिक अंबर आणि मोगल बादशाह औरंगजेब एकाच गावात दफन आहेत, ही गोष्ट कुठल्याही चॅनलच्या पट्टीत बसत नाही.

सरांचं म्हणणं असं, की इतिहासाच्या नावाने होणारं राजकारण नेहमी अशी वस्तू निवडतं जिच्यावर बोलायला काही वाचावं लागत नाही. कबर दाखवायला कॅमेरा पुरतो. पाहणीपत्रक वाचायला डोळे, भाषा आणि सबुरी लागते. म्हणून सेतुमाधवराव पगडींसारखा माणूस आज कुणाला आठवत नाही. फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास मराठीत आणणारे आणि त्याच हाताने उर्दू कवींची ओळख मराठी वाचकाला करून देणारे पगडी मराठवाड्याच्या याच मातीत वावरले. त्यांच्या कामाचा वारसा कुणी पुढे चालवायचा, हा प्रश्न हिंदूंना जेवढा आहे तेवढाच आपल्यालाही आहे.

आपणही त्याच सापळ्यात अडकतो, हे मान्य केलं पाहिजे. कबरीवर कुणी बोललं की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शंभर मेसेज पडतात. त्याच ग्रुपवर कुणी लिहिलं की उमीद पोर्टलवर मस्जिदीची नोंद करायला कागद हवेत, तर दोन दिवस सन्नाटा असतो.

वक्फ: एका शब्दाचा फरक

वक्फ दुरुस्ती कायदा एप्रिल २०२५ मध्ये लागू झाला. ६ जूनला उमीद पोर्टल सुरू झालं आणि सगळ्या वक्फ मालमत्तांचा तपशील त्यावर चढवायला सहा महिने मिळाले. १५ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात काही कलमांना स्थगिती दिली, जसं की पाच वर्षं इस्लामचं पालन केल्याची अट आणि जिल्हाधिकाऱ्याला मालकी ठरवू देणारा भाग. पण नोंदणीची सक्ती थांबवली नाही. १ डिसेंबरला सरसकट मुदतवाढही नाकारली आणि ज्यांना अडचण आहे त्यांनी वक्फ न्यायाधिकरणाकडे जावं असं सांगितलं.

कायद्याबद्दल आपल्या तक्रारी आहेत आणि त्या न्यायालयात मांडल्या जातायत. त्या मांडल्याच पाहिजेत. पण पोर्टल उघडल्यावर जो रकाना समोर येतो, तो भरायला भाषण उपयोगी पडत नाही, तिथे कागदच लागतो.

मराठवाड्यातल्या मस्जिदी, दर्गे, कब्रस्तानं यांच्या बऱ्याच जमिनींचा मुख्य पुरावा म्हणजे मुंतखब. निजामाच्या काळात इनामांची चौकशी व्हायची, तिच्या निर्णयाचा हा उतारा. त्यात इनाम कुणाला, कशासाठी, किती बिघे, कुठल्या अटीवर, हे सगळं लिहिलेलं असतं. इथे एका शब्दावर सगळं अडतं. 'मददमाश' लिहिलं असेल तर ते एखाद्या व्यक्तीच्या उदरनिर्वाहासाठी दिलेलं इनाम. 'खिदमतमाश' लिहिलं असेल तर ते मस्जिदीची, दर्ग्याची खिदमत करण्याच्या बदल्यात दिलेलं. पहिल्यात जमीन कुटुंबाची, दुसऱ्यात कुटुंब फक्त सेवेकरी. उर्दू वाचता न येणारा माणूस दोन्ही कागदांना 'इनामाचा कागद' म्हणतो आणि गडबड इथूनच सुरू होते.

सरांकडे असा एक कागद घेऊन एक मुतवल्ली आले होते. पिढ्यान्‌पिढ्या घराणं जमीन कसतंय, त्यामुळे ती आपलीच, अशी त्यांची खात्री. सरांनी वाचलं: खिदमतमाश, मस्जिदीच्या दिवाबत्ती आणि इमामतीसाठी. मुतवल्ली नाराज झाले, दुसऱ्या कुणाकडून 'नीट' वाचून घेतो म्हणून निघून गेले. दुसऱ्या एका वेळी उलट झालं. मोहल्ल्यातले तरुण एका जागेवर वक्फचा दावा सांगत आले आणि सरांना कागदात तो दिसला नाही. त्यांनाही सरांनी तेच सांगितलं. कागद आपल्या बाजूने असेल तेव्हा तो पवित्र आणि विरोधात असेल तेव्हा खोटा, असं करता येणार नाही, हे सरांचं तत्त्व. वक्फ म्हणजे अल्लाहच्या मालकीची वस्तू असं आपण मानतो. मग ती आधी आपल्याच माणसांपासून वाचवावी लागते, हे कडू असलं तरी खरं आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. याच इनाम दफ्तरात मंदिरांची आणि मठांची इनामंही आहेत, तीही उर्दूत, त्याच शिक्क्याखाली. देवस्थानाच्या जमिनींसाठी भांडणाऱ्या गुरवालाही शेवटी त्याच कपाटापाशी यावं लागतं. राज्य वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय आमच्याच शहरात पाणचक्कीला आहे. त्याच्या आवारात दिवसभर जी गर्दी असते, त्यातल्या किती जणांना हातातला कागद स्वतः वाचता येत असेल?

दाखल्यावर फक्त 'मुसलमान'

मी शाळेत शिकवतो, म्हणून हा भाग माझ्या रोजच्या कामातला. दहावी-बारावीनंतर जून-जुलैत पालक येतात: "सर, निर्गम उतारा पाहिजे, जातीच्या दाखल्यासाठी." आम्ही जुनं जनरल रजिस्टर काढतो. मुलाच्या आजोबांचं नाव सापडतं. जन्मतारीख सापडते. जातीच्या रकान्यात लिहिलेलं असतं, 'मुसलमान'. आणि तिथे पालकाचा चेहरा पडतो.

२०१४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांना ५ टक्के आरक्षण दिलं होतं. उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग तेव्हा थांबवला नव्हता, पण सरकार बदललं आणि अध्यादेश डिसेंबरमध्ये लॅप्स झाला. तेव्हापासून आपल्या मुलांसाठी जो रस्ता प्रत्यक्षात उघडा आहे, तो ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या यादीतला. मोमीन, पिंजारी-नदाफ, मनियार, तांबोळी, बागवान, अत्तार, कुरेशी-खाटीक, छप्परबंद आणि असे बरेच समाज त्या यादीत आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसींसाठी वर्षानुवर्षं चळवळ केली, म्हणून हा रस्ता रुंद झाला.

पण दाखला मिळवायला पुरावा जुना लागतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. त्या काळात आपल्या आजोबांना शाळेत घालताना मास्तरांनी धर्म विचारला, जात विचारली नाही. किंवा विचारली तेव्हा आजोबांनीच "हम मुसलमान हैं, हमारे में जात नहीं" असं सांगितलं असेल. दीनच्या दृष्टीने ते उत्तर बरोबरच होतं. पण सरकारी वर्गवारी दीनवर चालत नाही. घराण्याचा धंदा आणि त्यातून आलेलं मागासपण यावर ती चालते.

मग धंद्याची नोंद शोधावी लागते. इथे सर मदतीला येतात. ते म्हणतात, शाळेच्या रजिस्टरवर थांबू नका. आजोबांचे भाऊ, चुलते, पणजोबा, कुणाही रक्ताच्या नात्यातल्या माणसाची नोंद बघा. जमिनीचं खासरा पाहणीपत्रक बघा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद बघा, खरेदीखत बघा. उर्दू कागदावर नावाच्या मागे 'पिंजारी', 'बागवान', 'मनियार' असं बारीक अक्षरात लिहिलेलं अनेकदा सापडतं. तो एक शब्द नातवाची इंजिनिअरिंगची फी ठरवतो.

स्थानिक राजकारणातही हा शब्द आता वजनदार झालाय. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नगरपालिकांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये आणि महापालिकांच्या १५ जानेवारी २०२६ ला झाल्या. ओबीसीसाठी राखीव जागेवर निवडून आलेल्या माणसाने ठरलेल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर पद जातं. आपल्या वस्त्यांतून राखीव जागांवर उभं राहणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि कुणबी प्रमाणपत्रं घेतलेले उमेदवारही त्याच जागांवर उभे राहतायत. अशा वेळी पोस्टर छापण्याआधी फाईल पूर्ण करणं हे उमेदवाराचं पहिलं काम. सभा गाजवून निवडून यायचं आणि पडताळणी समितीपुढे पडायचं, यात सगळ्या मोहल्ल्याचं मत वाया जातं.

जन्माची नोंद

तिसरा कागद जन्माचा. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली आणि जन्मदाखल्याचं महत्त्व फार वाढलं: शाळा, लायसन्स, मतदार यादी, पासपोर्ट, सगळीकडे तो लागू लागला. साहजिकच ज्यांची नोंद नव्हती ते तहसीलकडे धावले. मग आरोप सुरू झाले की मालेगाव, अकोला, अमरावतीकडे परक्या देशातल्या लोकांना दाखले दिले गेले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने उशिराच्या नोंदींचं काम थांबवलं, तपास पथक नेमलं, आणि नंतर कडक कार्यपद्धती आणली.

ज्याने खोटा कागद केला असेल त्याच्यावर कारवाई व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण घरी, दाईच्या हातून जन्मलेल्या किती बाया-माणसांची नोंद कुठेच नाही, हे खेड्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. यात हिंदू-मुसलमान असा फरक नाही. फरक पडतो तो संशय कुणावर घेतला जातो यात. संशय घेणारा आपलं नाव बघून घेतो, आणि त्याला उत्तर द्यायला आपल्याकडे फक्त कागद असतो. म्हणून आपल्या घरात निष्काळजीपणाला जागाच नाही.

नियम सोपा आहे. मूल झाल्यावर २१ दिवसांत नोंद. दवाखान्यात बाळंतपण झालं तर दवाखाना कळवतो, पण दाखला हातात घेणं आपलं काम. नाव ठरलं नसेल तर नंतर टाकता येतं, पण अकीका झाल्यावर लगेच टाका. नोंदीला एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय काम होत नाही, आणि तो आदेश आता सहज मिळत नाही.

स्पेलिंगकडेही लक्ष द्या. शेख, शैख, शे.; मोहम्मद, मुहम्मद, मो.; बाईचं नाव एका ठिकाणी 'बी', दुसऱ्या ठिकाणी 'बेगम', तिसऱ्या ठिकाणी 'बानो'. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं असतात ज्यांच्या आधारवर एक नाव, शाळेत दुसरं आणि बापाच्या रेशनकार्डावर तिसरं. दहावीचा फॉर्म भरण्याआधी हे दुरुस्त होतं. बोर्डाचं सर्टिफिकेट छापून आल्यावर त्याच दुरुस्तीसाठी वर्ष-वर्ष जातं.

शहराच्या नावाबद्दलही एक शब्द. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली आणि औरंगाबादचं नाव बदललं. त्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळलं गेलं. काही लोकांनी जुन्या दाखल्यांवर पेनने खाडाखोड करून नवं नाव लिहिलं, काहींनी रागाने नव्या फॉर्मवर जुनं नाव लिहिलं. सरांचा सल्ला दोघांसाठी एकच आहे. जुन्या कागदावर जे आहे ते तसंच राहू द्या, तो त्या काळाचा साक्षीदार आहे. नव्या फॉर्मवर आजचं अधिकृत नाव लिहा. घरात आपण शहराला काय म्हणतो, ते कुणी फॉर्मवर विचारत नाही.

नळाच्या पाण्याचा इतिहास

सरांच्या बैठकीत राजकारणाची सुरुवात मात्र बहुतेक वेळा पाण्याने होते. हे शहर मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी या नावाने वसवलं. वसवताना त्याने पाण्याचा विचार आधी केला. उत्तरेकडच्या डोंगरातून जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याने बांधली. उतारावर वाहणारं पाणी, मधे मधे उसासे, पंप नाही की वीज नाही. पाणचक्कीची नहर पुढे वेगळी झाली, पण तत्त्व तेच. हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात त्या पाण्यावर दळण दळलं जायचं, मुसाफिरांच्या जेवणासाठी.

आज शहराचं पाणी जायकवाडीहून, पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरून, पंपाने येतं. अनेक वस्त्यांना ते कित्येक दिवसांआड मिळतं. १,६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली, २०२० च्या डिसेंबरमध्ये भूमिपूजन झालं, खर्च २,७४० कोटींवर गेला, आणि कामावर लक्ष ठेवायला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला वेळ द्यावा लागला. मधल्या काळात महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि जवळजवळ सहा वर्षं प्रशासकच कारभार बघत होता. या सहा वर्षांत आपल्या गल्लीतला माणूस पाण्याची तक्रार घेऊन कुणाकडे गेला? नगरसेवकच नव्हता.

आता निवडणूक झाली, नगरसेवक आले. प्रचारात कोण कुणाचा, कोण हिरवा, कोण भगवा, हे खूप ऐकलं. सर एका उमेदवाराला म्हणाले होते, "बेटा, मलिक अंबरचा पुतळा नंतर मागशील. आधी हे सांग, आपल्या वॉर्डात टाकी कुठे बसणार?" त्या तरुणाकडे उत्तर नव्हतं. ज्यांना आपण मतं दिली, त्यांना हाच प्रश्न आता पाच वर्षं विचारत राहायचा आहे. आणि तोंडी विचारून उपयोग नाही, अर्ज लिहून, पोच घेऊन विचारायचा. ती पोच हाही एक कागदच आहे, आणि तीस वर्षांनी कुणी या शहराचा इतिहास लिहील तेव्हा त्याला तोच सापडेल.

आता घरात काय करायचं

सर आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यासारखी शिकस्ता अक्षर वाचणारी माणसं प्रत्येक जिल्ह्यात बोटावर मोजण्याइतकी उरलीत. आपल्या मराठी शाळांतल्या मुलांना कुरआन नाजरा वाचता येतो, पण उर्दूचं हाताने लिहिलेलं पत्र वाचता येत नाही. उर्दू शाळांतल्या मुलांना उर्दू येतं, पण मराठीत अर्ज लिहिताना ती अडखळतात. दोन्ही भाषांवर पकड असलेलं आणि मोडीही शिकलेलं मूल आज महाराष्ट्रात सगळ्यांच्या कामाचं आहे: महसूल खात्याच्या, कोर्टाच्या, वकिलांच्या, वक्फ मंडळाच्या, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांच्या. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. आपल्या तरुणांनी त्यात जावं. भाषा टिकवा म्हणून भावनेने सांगून मुलं ऐकत नाहीत. यात रोजगार आणि इज्जत दोन्ही आहे, असं सांगितलं तर ऐकतील.

बाकी घरच्यांसाठी काही साध्या गोष्टी:

एक, घरातले सगळे जुने कागद एका पेटीत आणा. लॅमिनेशन करू नका, त्याने जुना कागद खराब होतो आणि अक्षरही पुढे तपासता येत नाही. फोटो काढून दोन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

दोन, घरात जे सगळ्यात बुजुर्ग आहेत, त्यांच्याजवळ बसून सात पिढ्या नाही, निदान चार पिढ्यांचा शिजरा लिहून घ्या. नाव, गाव, धंदा. जात पडताळणीत वंशावळ लागतेच. आजी हयात आहे तोवर हे काम एका दुपारचं आहे. ती गेल्यावर ते होत नाही.

तीन, मस्जिद कमिटीने मुंतखब, गॅझेटची प्रत, सातबारा आणि पोर्टलवरच्या नोंदीची प्रत एका फाईलमध्ये ठेवावी आणि वर्षातून एकदा जुम्म्याला जमाअतीसमोर हिशोब वाचावा. मुतवल्ली बदलला की फाईल गायब, हा प्रकार बंद झाला पाहिजे.

चार, कागद वाचणाऱ्याकडून तोंडी अर्थ घेऊन समाधान मानू नका. तारीख टाकून, सही घेऊन लिप्यंतर आणि भाषांतर करून घ्या.

पाच, आपल्या कागदाचं काम करताना शेजारच्या पाटलाचा, गुरवाचा, कांबळेंचा कागदही वाचून द्या. निजामाच्या मुन्शीने त्या सगळ्यांची नावं एकाच शाईने लिहिली आहेत. ती वाचण्याची किल्ली आज योगायोगाने आपल्या हातात आहे, आणि ती लपवून ठेवण्यात आपला काहीच फायदा नाही.